संगणकातील तारीख : एक दिवस की एक क्षण?

शाळेच्या जनरल रजिस्टरात एका मुलीची जन्मतारीख १५ ऑगस्ट २०१० अशी आहे. ती मुंबईत वाचा किंवा लंडनमध्ये वाचा, तारीख तीच राहते. पण हीच नोंद संगणकात नीट विचार न करता साठवली, तर लंडनमध्ये ती १४ ऑगस्ट दिसू शकते! असे का व्हावे?

जावा या संगणकभाषेचे उदाहरण घेऊ. या भाषेत माहिती आणि त्या माहितीवर करायच्या क्रिया एकत्र बांधून ‘ऑब्जेक्ट’ तयार करतात. ऑब्जेक्टच्या साच्याला ‘क्लास’ म्हणतात. १९९६ साली आलेल्या पहिल्या जावात ‘डेट’ नावाचा क्लास होता. नाव तारखेचे, पण त्याच्या पोटात असते फक्त एक संख्या : १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार) किती मिलिसेकंद लोटले. म्हणजे तो दिवस नव्हे, क्षण आहे. भारतात १५ ऑगस्टची मध्यरात्र होते, तेव्हा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ असते १४ ऑगस्ट, सायंकाळी साडेसहा. उन्हाळ्यात लंडनची घड्याळे एक तास पुढे असतात, म्हणून तिथे साडेसात. क्षण तोच, तारीख मात्र वेगळी!

‘डेट’मध्ये आणखी एक खोच होती. वर्ष १९०० पासून आणि महिना शून्यापासून मोजायचा; दिवस मात्र एकपासून. कोणी सरळ २०२४, ७, १५ असे आकडे दिले, तर १५ जुलै २०२४ ऐवजी १५ ऑगस्ट ३९२४ मिळते. शिवाय हा ऑब्जेक्ट बदलता येतो. दोन नोंदींनी एकच ऑब्जेक्ट वापरला आणि एकीने त्यात बदल केला, की दुसरीचीही तारीख नकळत बदलते.

२०१४ साली जावाच्या आठव्या आवृत्तीत नवी व्यवस्था आली. स्टीफन कोलबोर्न यांच्या ‘जोडा-टाइम’ या आधीच्या कामाचा तिला मोठा आधार होता. तिने वेगवेगळ्या कल्पनांना वेगवेगळे क्लास दिले. नुसत्या दिवसासाठी ‘लोकलडेट’, क्षणासाठी ‘इन्स्टंट’, एखाद्या प्रदेशाच्या घड्याळासह वेळेसाठी ‘झोन्डडेटटाइम’. जानेवारी म्हणजे १. हे ऑब्जेक्ट बदलत नाहीत. तारखेत भर घातली की नवा ऑब्जेक्ट मिळतो. जन्मतारखेला ‘लोकलडेट’ वापरला, की ती देशोदेशी तीच राहते.

तरीही पंचांगातल्या अडचणी संपत नाहीत. वर्गात हे करून पाहा : ‘लोकलडेट’ वापरून ३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवा. उत्तर येते २९ फेब्रुवारी. त्यात पुन्हा एक महिना मिळवला की २९ मार्च. आता मूळ तारखेत एकदम दोन महिने मिळवा. येते ३१ मार्च! एक अधिक एक म्हणजे दोन, हा नियम इथे का मोडला? महिना हे ठरावीक लांबीचे एकक नाही, हे विद्यार्थ्यांना स्वतःच शोधू द्या.