सादात: बाहेरच्या टाळ्या, घरातली भाकरी

तेहरानमधल्या एका रस्त्याला चाळीस-एक वर्षं खालिद इस्लाम्बुलीचं नाव होतं. इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांना गोळ्या घालणारा हा लष्करी अधिकारी. २०२५च्या जूनमध्ये कैरोशी जुळवून घ्यायची गरज पडली, तेव्हा ती पाटी उतरली आणि हिजबुल्लाचे नेते हसन नसरल्लांची चढली. मारेकऱ्याचं नाव गेलं म्हणून बरं वाटावं, तर तेही गेलं निव्वळ सोयीपोटी. सादातांच्या वाट्याला मेल्यावरही सोयीचाच हिशेब आला.

त्यांचं खेड्यातलं बालपण, ब्रिटिशांच्या काळातला तुरुंगवास, आधीचे अध्यक्ष नासेर यांच्या सावलीत काढलेली वर्षं हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात भरपूर रंगवलंय. मला त्यात फारसा रस कधीच वाटला नाही. खरे सादात १९७० नंतरचे, आणि ते दशक मी वर्तमानपत्राच्या टेबलावर कैरोच्या तारा लावत काढलं. आमच्याकडचे नासेरभक्त विद्वान तेव्हा या माणसाला चार दिवसांचा पाहुणा म्हणत. १९७२त त्याने हजारो सोव्हिएत लष्करी सल्लागारांना घरी धाडलं. १९७३च्या ऑक्टोबरात त्याच्या फौजा सुवेझ ओलांडून इस्रायलच्या बार-लेव तटबंदीवर चढल्या. मग विद्वान जरा गप्प बसले.

१९ नोव्हेंबर १९७७ला सादात जेरुसलेमला उतरले आणि विद्वानांना पुन्हा कंठ फुटला. फितूर, अमेरिकेचा हस्तक, काय काय विशेषणं! त्याच ऑगस्टमध्ये आपल्या मोरारजी सरकारने ताकास तूर न लागू देता इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान यांना दिल्लीत आणून त्यांच्याशी बोलणी केली होती. हे बाहेर आल्यावर मात्र कुणाचीच लेखणी तितकी तापली नाही. सादात निदान दिवसाढवळ्या गेले, शत्रूच्या संसदेत उभे राहून बोलले.

पण त्यांच्या पाश्चात्त्य भाटांचाही मला तितकाच राग येतो. त्याच वर्षीचा जानेवारी ते सोयीने गाळतात. नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या आग्रहाखातर सरकारने पीठ, साखर, तेल यांच्यावरची सवलत कापली आणि १८ व १९ तारखेला अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत लोक रस्त्यावर आले. सुवेझ पार करणाऱ्या वीराला ते विचारत होते, आमची न्याहारी कुठे आहे? सैन्य बोलवावं लागलं, सत्तरहून अधिक माणसं मेली, वाढवलेले भाव मागे घेतले गेले. सादातांनी या सगळ्याला चोरांचा उठाव ठरवलं. १९७४पासून त्यांनी अर्थव्यवस्थेची दारं उघडली होती. त्यातून परदेशी माल आला, दलाल गब्बर झाले, आणि पगारदार तिथेच राहिला. मला तर वाटतं, जेरुसलेमच्या विमानाची पायरी या दोन दिवसांतच रचली गेली. इस्रायलने घेतलेला सिनाई परत मिळावा ही ओढ खरीच होती, पण लढाईचा खर्च पेलत पोटं भरणं त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं.

कॅम्प डेव्हिडचे करार, इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांच्यासोबतचं नोबेल, १९७९चा इस्रायलशी तह हे सर्वांना पाठ आहे. त्या तहापायी अरब लीगने इजिप्तला बाहेर काढलं, कचेरी ट्यूनिसला हलवली. पॅलेस्टिनींच्या वाट्याला स्वायत्ततेची मोघम कलमं आली. बाहेर जितक्या टाळ्या पडत गेल्या, तितकं घरातलं बोलणं त्यांना सोसेनासं झालं. सप्टेंबर १९८१मध्ये त्यांनी दीड हजारांवर लोक उचलले. त्यात मुस्लिम ब्रदरहूडवाले, डावे, वकील, पत्रकार हैकल, लेखिका नवाल सादावी सगळे एका माळेत. कॉप्टिक पोप शनूदा वाळवंटातल्या मठात स्थानबद्ध. पकडलेल्यांत इस्लाम्बुलीचा भाऊही होता.

पुढचा महिना लागला आणि ६ तारखेला सुवेझविजयाचं संचलन सुरू असताना एक लष्करी ट्रक थांबला आणि त्यातून इस्लाम्बुली उतरला. वर विमानांच्या कसरती चालल्या होत्या. सादात बेतून शिवलेल्या गणवेशात, चिलखत न घालता, सलामी घ्यायला म्हणून उभे राहिले असं सांगतात. शेजारी बसलेले उपाध्यक्ष मुबारक हाताच्या जखमेवर निभावले.

अंत्ययात्रेला निक्सन, फोर्ड, कार्टर हे तीन माजी अमेरिकी अध्यक्ष आले. शनिवार होता म्हणून बेगिन पायी आले. बहुतेक अरब राष्ट्रप्रमुख फिरकले नाहीत. अकरा वर्षांपूर्वी नासेरांसाठी लाखोंनी लोटलेलं कैरो त्या दिवशी बहुतांशी घरात बसून राहिलं, आणि पोलिसी बंदोबस्ताने त्याचं पुरतं उत्तर मिळत नाही.

अध्यक्षपदी आलेल्या मुबारकांना सादातांकडून सिनाई मिळाला, अमेरिकी मदत मिळाली आणि तुरुंगही मिळाले. हत्येनंतर लागू झालेली आणीबाणी त्यांनी कधी उठवलीच नाही. ती संपली २०१२च्या मे अखेरीस, तोवर त्यांची खुर्ची जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.