लाईट गेली, पण लॉगिन राहिलं! लिनक्सवरची सेव्ह झालेली सेशन्स कशी आवरायची?

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल, पण मला तो कळला तो नेवासा तालुक्यात, मामेभावाच्या दुकानात. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबाऱ्याची प्रिंट असलं सगळं तिथं चालतं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, आणि त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज काही बसेना. म्हणून मीच त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकून दिली. मशीन पळायला लागलं, भाऊ खूश, मी त्याहून खूश.

मग एका दुपारी एक कांदा उत्पादक काका आले. ई-मेलवर आलेलं आधार आणि पासबुक त्यांनी उघडलं, आणि तेवढ्यात लाईट गेली. काका 'नंतर येतो' म्हणून निघून गेले. तासाभराने लाईट आली, तोवर कॉलेजची एक मुलगी फॉर्म भरायला आली होती. भावाने फायरफॉक्स उघडला, तर समोर काकांचा इनबॉक्स! पासवर्ड नाही, काही नाही. ती मुलगीच म्हणाली, "दादा, हे कोणाचं तरी उघडं राहिलंय." ती भली म्हणून निभावलं. चूक कुणाची? सेटिंग करून देणाऱ्याची, म्हणजे माझी.

एकाच शब्दाचे तीन अर्थ

सगळा घोळ इथं आहे. लिनक्सवर 'सेशन' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात.

पहिलं, लॉगिन सेशन. तुम्ही नाव-पासवर्ड टाकून आत आलात की ते सुरू होतं, लॉगआउट केलं की संपतं. 'स्विच युजर' केलं तर मात्र संपत नाही, मागे चालूच राहतं आणि रॅमही खातं.

दुसरं, डेस्कटॉप सेशन. लॉगआउट करताना कुठले प्रोग्रॅम उघडे होते याची नोंद. पुढच्या वेळी तेच प्रोग्रॅम आपोआप उघडतात. पण नीट ऐका, नोंद प्रोग्रॅमची होते, आतल्या कामाची नाही. लिब्रे ऑफिसमध्ये अर्धवट टाइप केलेला अर्ज सेव्ह केला नसेल, तर सेशन तो वाचवणार नाही.

तिसरं, ब्राउझरचं सेशन. उघडे टॅब आणि त्यांच्यासोबत 'हा माणूस आत आलेला आहे' असं सांगणाऱ्या कुकीज. लाईट गेली की फायरफॉक्सच्या दृष्टीने तो क्रॅश असतो. म्हणून परत उघडल्यावर तो मदत म्हणून टॅब परत आणतो, आणि कुकीजमुळे लॉगिनही परत येऊ शकतं. काकांच्या बाबतीत हेच झालं.

एक्सएफसीईमध्ये कुठं बघायचं?

सेटिंग्जमध्ये 'सेशन अँड स्टार्टअप' उघडा. जनरल टॅबमध्ये 'ऑटोमॅटिकली सेव्ह सेशन ऑन लॉगआउट' असं एक खूण करायचं खोकं आहे. दुकानाच्या मशीनवर ती खूण काढून टाका. लॉगआउटच्या खिडकीतही 'सेव्ह सेशन फॉर फ्यूचर लॉगिन्स' अशी खूण असते, तीही काढा. नुसती एक काढून भागत नाही.

आधीची साठलेली सेशन्स याच खिडकीतल्या 'सेव्ह्ड सेशन्स' टॅबमधून पुसता येतात.

पण रोज सकाळी ठरावीक प्रोग्रॅम उघडे हवे असतील तर? त्यासाठी 'ॲप्लिकेशन ऑटोस्टार्ट' टॅब आहे. त्यात फायरफॉक्स आणि स्कॅनरचा प्रोग्रॅम टाकून ठेवा. काल कुणी काय उघडं ठेवलं होतं याच्याशी मग काही संबंध राहत नाही.

केडीई वापरत असाल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप सेशनच्या पानावर तीन पर्याय दिसतील: मागचं सेशन परत आणा, हाताने सेव्ह केलेलं आणा, किंवा रिकामं सुरू करा. दुकानासाठी तिसरा.

खिडक्यांच्या डोक्यावरची पट्टी गायब झाली तर

हा एक्सएफसीईतला जुना त्रास. काही कारणाने विंडो मॅनेजर बंद पडला आणि त्याच अवस्थेत सेशन सेव्ह झालं, तर ती बिघडलेली अवस्थाच जपली जाते. मग दर लॉगिनला खिडक्यांना बंद करायचं बटणही नसतं. लोक घाबरून अख्खं लिनक्स नव्याने टाकतात. गरज नाही!

आधी लॉगआउट करा, सेव्हची खूण न करता. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबा. काळी स्क्रीन येईल, तिथं नाव-पासवर्ड द्या. आता एक कमांड: एमव्ही, स्पेस, डॉट कॅश, स्लॅश, सेशन्स, स्पेस, आणि मग फोल्डरसाठी कुठलंही नवं नाव. म्हणजे आपण फोल्डर पुसत नाही, फक्त बाजूला सरकवतो. पुसायची कमांड मी मुद्दाम सांगत नाहीये, कारण त्यात एक स्पेस चुकीच्या जागी पडली तर सगळ्या फाइल्स जाऊ शकतात. शेवटी एक्झिट टाइप करा, कंट्रोल-ऑल्ट-एफ7 ने परत या आणि लॉगिन करा. कोरं सेशन मिळेल.

मग दुकानात शेवटी काय केलं?

तीन गोष्टी. एक, मिंटच्या 'लॉगिन विंडो' सेटिंगमधून गेस्ट सेशन चालू केलं. गिऱ्हाईक गेस्टमध्ये बसतं, आणि लॉगआउट केलं की त्याच्या फाइल्स, टॅब, लॉगिन सगळं जातं. अट एकच: प्रिंट आणि पेनड्राइव्हवरची कॉपी लॉगआउटच्या आधी.

दोन, भावाच्या खात्यात गिऱ्हाइकाचं काम करावंच लागलं तर फायरफॉक्सची प्रायव्हेट विंडो. लाईट गेली तरी ती परत उघडत नाही.

तीन, स्विच युजर बंद, कायम लॉगआउट. मागे कोण राहिलंय अशी शंका आली तर टर्मिनलमध्ये 'लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स' टाइप केलं की यादी दिसते.

काका पुढच्या बाजारच्या दिवशी आले. भावाने झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली आणि तिथल्या तिथं त्यांना पासवर्ड बदलायला लावला. त्याच पानावरून बाकीच्या डिव्हाइसेसवरचं लॉगिनही बंद केलं. काका एवढंच म्हणाले, "बरं झालं सांगितलं, नाहीतर मला काय कळणार होतं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपण कुणाला मशीन लावून देतो, तेव्हा ते किती पळतं हे बघतो. उठून गेलेल्या माणसाचं मागे काय उरतं, हेही बघायला हवं. आज घरी गेलात की ती एक खूण तपासा, आणि काय सापडलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!