मूल वर्गात एकटं का पडतं?
शाळा, थेरपी आणि घर : तिघांनी मिळून करायचं काम

विठ्ठलवाडी, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यातल्या कुठल्याही शाळेत पालकसभेला जाऊन बसा. पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. गणितात किती पडले? वही पूर्ण आहे का? इंग्रजी वाचता येतं का? "मधल्या सुट्टीत माझं मूल कोणाबरोबर डबा खातं?" हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतं. शाळेतली अनेक दुखणी याच प्रश्नातून कळतात. ज्या मुलाला कोणी खेळायला घेत नाही, ते हळूहळू शाळेला कंटाळतं, पोट दुखतं म्हणतं, दांड्या मारतं आणि मग मार्कही घसरतात. आपण मार्कांसाठी ट्यूशन लावतो, पण मूळ अडचण तशीच राहते.

सामाजिक विकास म्हणजे काय?

सलाम करणं, पाहुण्यांसमोर नीट बसणं, मोठ्यांना उलट न बोलणं याला आपण अदब, तहजीब म्हणतो. ती हवीच. पण सामाजिक विकास त्याहून मोठा आहे. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून तो रागावला की गंमत करतोय हे ओळखणं, खेळात हरल्यावर सावरणं, मदत मागणं, "मला नको" असं सांगता येणं, भांडण झाल्यावर पुन्हा बोलायला जाणं, हे सगळं त्यात येतं.

बहुतेक मुलं हे बघून-बघून शिकतात. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचं निरीक्षण मांडलं, ते आजही शिक्षकांना शिकवलं जातं. मूल आधी एकटं खेळतं, मग दुसऱ्याच्या शेजारी बसून आपलंच खेळतं, नंतर वस्तूंची देवाणघेवाण करतं आणि शेवटी नियम ठरवून मिळून खेळतं. दोन वर्षांचं मूल दुसऱ्याशी न खेळता नुसतं शेजारी बसत असेल तर चिंता नको. पण सहा वर्षांचं मूल अजून तिथंच अडकलं असेल तर लक्ष द्यायला हवं.

लाजाळू आहे की अडचण आहे?

लाजाळू मूल अनोळखी ठिकाणी गप्प असतं, पण घरी, चुलत-मामे भावंडांत मोकळं होतं. अडचण असलेलं मूल ओळखीच्या माणसांतही अडखळतं. वर्षाच्या आसपास नावाने हाक मारल्यावर न बघणं, दीड वर्षापर्यंत बोट दाखवून "ते बघ" असं न सुचवणं, दोन वर्षांपर्यंत "पानी दो", "अम्मी आव" अशी दोन शब्दांची जोडणी न होणं, किंवा बोलत असलेलं मूल अचानक बोलायचं थांबणं, या खुणा दिसल्या तर "याचे अब्बाही उशिरा बोलले होते" म्हणून वाट बघू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानाची तपासणी करून घ्या. कमी ऐकू येणारं मूल पुष्कळदा हट्टी किंवा मंद ठरवलं जातं.

प्रत्येक एकटं मूल स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं, नसतं. कारण अतिचंचलता असू शकतं, बोलण्यातला दोष असू शकतो, वाचन-लेखनातली अडचण लपवण्याची धडपड असू शकते, घरातला तणाव किंवा शाळेत होणारी चिडवाचिडवीही असू शकते. निदान तज्ज्ञांनी करायचं. आपण पालक-शिक्षकांनी काय दिसलं ते तारखेसह लिहून ठेवायचं.

तीन भाषांमुळे मूल मागे पडतं का?

आपल्या घरांतला हा खास प्रश्न. घरी उर्दू किंवा कोकणी, गल्लीत हिंदी-मराठी, शाळेत इंग्रजी. मूल उशिरा बोललं की पहिला सल्ला मिळतो, "घरची भाषा बंद करा, फक्त इंग्रजी बोला." हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांवर बरेच अभ्यास झाले आहेत, आणि एकापेक्षा जास्त भाषांमुळे स्वमग्नता किंवा बोलण्याचा दोष निर्माण होतो असं त्यांत दिसलेलं नाही. उलट आईला ज्या भाषेत लाड करता येतात, दादीला ज्या भाषेत गोष्ट सांगता येते, ती भाषाच बंद केली तर मुलाशी होणारं बोलणंच कमी होतं. थेरपिस्टला घरात कोणत्या भाषा बोलतात ते स्पष्ट सांगा आणि घरच्या भाषेतले शब्दही सरावात घ्यायला सांगा.

शाळा काय करू शकते?

अडचण असलेल्या मुलासाठी वर्गापेक्षा मधली सुट्टी कठीण असते. वर्गात नियम असतात, कुठे बसायचं ते ठरलेलं असतं. मैदानावर सगळं अचानक ठरतं. म्हणून मदत तिथे लागते. काही साधे उपाय :

- दोन-तीन समजूतदार मुलांचा गट करून त्यांच्यावर सोबतीची जबाबदारी द्यावी. एकाच मुलावर टाकली तर ते कंटाळतं. गट दर महिन्याला बदलावा.
- गटकामात "मिळून करा" एवढं सांगून भागत नाही. एकाने लिहायचं, एकाने साहित्य आणायचं, एकाने सांगायचं, अशी कामं वाटून द्यावीत. कमी बोलणाऱ्या मुलालाही खरं काम मिळतं.
- दिवसाचं वेळापत्रक फळ्यावर लिहावं. बदल होणार असेल तर आधी सांगावं.
- वर्गासमोर "याला काही समजत नाही" असं कधीही म्हणू नये. शिक्षक जो शब्द वापरतात तोच मुलं सुट्टीत वापरतात.

शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. हे शाळेला नम्रपणे पण ठामपणे सांगायला पालकांनी कचरू नये.

थेरपीत नेमकं काय होतं?

थेरपी म्हटलं की अनेकांना औषध, नाहीतर "डोक्याचा डॉक्टर" आठवतो. प्रत्यक्षात लहान मुलांची थेरपी बाहेरून खेळासारखी दिसते. "एवढे पैसे देऊन नुसते ठोकळेच खेळवतात" अशी तक्रार त्यातूनच येते. पण ठोकळा देताना थेरपिस्ट मुद्दाम थांबतो, कारण मुलाने मागावं, बघावं, थांबावं, पाळी द्यावी. वाचा उपचारतज्ज्ञ बोलणं आणि समजणं यांवर काम करतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हालचाल, आवाज किंवा स्पर्श सहन न होणं आणि रोजची कामं यांवर काम करतात. मानसशास्त्रज्ञ भावना आणि वर्तन बघतात.

एक वापरायला सोपी पद्धत म्हणजे छोटी चित्रगोष्ट. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती रूढ केली. "ईदला घरी खूप पाहुणे येतील. आवाज होईल. मला त्रास झाला तर मी आतल्या खोलीत जाऊ शकतो. अम्मीला सांगून जाईन." अशी चार-पाच वाक्यं आणि चित्रं काढून आठवडाभर आधीपासून वाचायची. काय होणार हे माहीत असलं की मूल कमी घाबरतं.

डोळ्यात डोळे घालून बघायची जबरदस्ती मात्र करू नये. काही मुलांना त्याचा खरोखर त्रास होतो. ते बाजूला बघूनही ऐकत असतात.

थेरपीत शिकलेलं शाळेत का दिसत नाही?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. थेरपीच्या खोलीत मूल छान पाळी घेतं, शाळेत घेत नाही. कारण ते कौशल्य त्या खोलीशी, त्या माणसाशी जोडलं गेलेलं असतं. दुसऱ्या जागी ते आपोआप जात नाही, न्यावं लागतं.

त्यासाठी एक साधी वही पुरते. थेरपिस्टने महिन्याचं एकच ध्येय लिहावं, उदाहरणार्थ "मदत हवी असेल तर 'मदत करा' म्हणणं". शिक्षकांनी तोच शब्द वर्गात वापरावा, घरीही तोच. थेरपीत "मदत करा", शाळेत "हेल्प मी" आणि घरी काहीच न बोलता डबा उघडून दिला, तर मूल गोंधळतं. शुक्रवारी वहीत दोन ओळी : किती वेळा जमलं, कुठे अडलं.

घरी सरावाला खास साहित्य लागत नाही. खालच्या दुकानातून पाव आणायला सोबत नेऊन पैसे त्याच्या हातून द्यायला लावा. दस्तरखान मांडायला द्या. खेळायला एकाच मुलाला घरी बोलवा, दहाजणांना नको. खेळ आधीच ठरवा आणि अर्ध्या तासात आटोपा. चांगल्या आठवणीवर संपलं तर पुढच्या वेळी दोघंही येतील.

वयात येणारी मुलं

बारा-तेराव्या वर्षी खेळ कमी होतो आणि गप्पा वाढतात. इथे अनेक मुलं-मुली मागे पडतात. मुलींची अडचण तर उशिरा कळते, कारण गप्प मुलीला आपण "शरीफ" म्हणून शाबासकी देतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या केंद्रात किशोरांसाठी तयार झालेल्या "पीअर्स" या कार्यक्रमात मुलांसोबत पालकांनाही शिकवलं जातं. त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे : चिडवणाऱ्याकडे "दुर्लक्ष कर" एवढं सांगून मुलाचं भागत नाही. "बरं, मग?" असं छोटं, शांत उत्तर देऊन तिथून निघायचा सराव घरी करून घ्यावा. मारहाण, पैसे मागणं किंवा मोबाईलवर बदनामी असेल तर मात्र मोठ्यांनीच मध्ये पडायचं.

मदत कुठे मिळेल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून झाली. यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत एकदा तपासणी होते, आणि विकासातला उशीर दिसला तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. छोट्या खाजगी इंग्रजी शाळांतली मुलं या तपासणीतून सुटतात. त्यांच्या पालकांनी स्वतःहून सरकारी रुग्णालयात जावं.

ऐकणं-बोलणं यासाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचं नाव तिला दिलेलं आहे. विठ्ठलवाडीहून लोकलने दादरला उतरून गाडी बदलली की पोहोचता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. मुंबईत २००१ पासून "उम्मीद" हे बालविकास केंद्र काम करतं. मन फार अस्वस्थ असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, आणि मुलावर अत्याचार होत असेल तर १०९८.

गल्लोगल्ली थेरपी सेंटरं निघाली आहेत. वाचा उपचारतज्ज्ञ, क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. पैसे भरण्याआधी नोंदणी क्रमांक मागा. "सहा महिन्यांत पूर्ण बरा करतो" अशी गॅरंटी देणाऱ्यापासून लांब राहा.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही येतात. सरकारमान्य शाळेला दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाच्या "निरामय" योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो.

लोक काय म्हणतील?

सर्टिफिकेट काढलं तर बहिणीचं लग्न अडेल, खानदानाचं नाव जाईल, नजर लागली आहे, उतरवू या. हे सगळं मोहल्ल्यात ऐकू येतं. दुआ जरूर करा, कोणी अडवत नाही. पण त्यासाठी तपासणी थांबवायची गरज नाही. दोन्ही सोबत चालतात. लपवण्यात गेलेली वर्षं परत मिळत नाहीत, आणि लहान वयात मदत लवकर लागू पडते.

मशिदीच्या कमिटीने, मोहल्ल्यातल्या संस्थेने ठरवलं तर वर्षातून एकदा श्रवण-तपासणीचं शिबिर घेता येईल. मदरशाच्या उस्तादांनाही या खुणा सांगता येतील, कारण संध्याकाळी तेही याच मुलांना बघतात. आणि पुढच्या पालकसभेत मार्कांच्या आधी तो एक प्रश्न विचारा : माझं मूल सुट्टीत कोणाबरोबर असतं? उत्तर "एकटंच" असं आलं, तर त्याच आठवड्यात शिक्षकांना वेगळं भेटा.