रात्रपाळीचा जागर

घटस्थापनेपासून नऊ दिवस देवापुढील नंदादीप अखंड तेवत ठेवण्याचा आपला कुळाचार आहे. तेल घालण्यासाठी, काजळी काढण्यासाठी घरातील कोणी तरी रात्री जागत असते. असाच एक जागर कर्करोग रुग्णालयांत बाराही महिने चालतो. त्याला मात्र ना आरती, ना सणाचा मान.

मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेव्हापासून गावोगावच्या कुटुंबांनी आपली आशा घेऊन तेथील पायऱ्या चढल्या आहेत. अशा रुग्णालयातून बरा होऊन परतलेला माणूस शल्यविशारदाचे नाव जन्मभर सांगतो, आणि ते उचितच होय. परंतु उत्तररात्री ज्या परिचारिकेने त्याची शीर पुनःपुन्हा तपासली, तिचे नाव त्याला क्वचितच ठाऊक असते.

त्या तपासण्याचे मोल मोठे आहे. कर्करोगावरील काही औषधे शिरेबाहेर झिरपली, तर भोवतीचे मांस जळते. म्हणूनच ती देताना परिचारिका रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा पडताळून पाहते, सुईच्या जागी सूज किंवा आग तर नाही ना, याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. पुढे रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा तापही प्राणघातक ठरू शकतो. अशा वेळी खोली पुसणारी मावशी आणि चादर बदलणारा मामा हेही औषधोपचाराचेच भागीदार असतात. रुग्णालयांतून रूढ झालेली ही नाती केवळ तोंडदेखली नव्हेत. उलटीचे भांडे न कंटाळता धरणाऱ्या, केस गळताना आरसा हलकेच दूर करणाऱ्या व्यक्तीला दुसरे काय म्हणावे?

यांतील कित्येकजणींच्या घरीही घट बसलेला असतो. केरळातून आलेली एखादी परिचारिका तर घरापासून शेकडो कोस दूर असते आणि आपल्या आजीला मराठीत ‘दुखतंय का?’ असे विचारण्यापुरती आपली भाषा तिने आपलीशी केलेली असते.

खंडेनवमीला शेतकरी औतांची, सुतार करवतीची, गवंडी थापीची पूजा करतो. ज्या साधनांवर आपले जीवन चालते, त्यांच्यापुढे नम्र व्हावे, हा त्या पूजेचा अर्थ. मग ज्या हातांनी आपल्या माणसाचे जीवन राखले, त्यांचे काय? त्यांना हारतुरे नकोत. भेटीच्या वेळा पाळाव्यात, रुग्णाजवळ जाण्यापूर्वी हात धुवावेत, उशीर झाला तर आवाज चढवू नये, आणि नाव विचारून घेऊन त्या नावाने आभार मानावेत. हीच त्यांची पूजा होय.

दसऱ्याला थोरामोठ्यांच्या हाती सोने देण्याची आपली रीत आहे. ज्या घरातील रुग्णाने यंदा आजाराची सीमा ओलांडली असेल, त्या घराने आपट्याचे पहिले पान रुग्णालयातील त्या सिस्टरसाठी, त्या मावशीसाठी राखून ठेवावे.