पार्लरचं गिफ्ट व्हाउचर: पैसे परत कधी, कोणाला आणि किती?

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावात ब्युटी पार्लर म्हणजे बहुतेक वेळा घराचीच पुढची खोली. एक मोठा आरसा, एक फिरती खुर्ची, पडद्याआड फेशियलचा पलंग. इथलं गिफ्ट व्हाउचरही तसंच घरगुती: लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून करून घेतलेलं रंगीत कार्ड, त्यावर पेनाने लिहिलेली रक्कम आणि खाली पार्लरचा शिक्का. भाऊबीज, संक्रांतीचं हळदीकुंकू, केळवण, कशाच्याही निमित्ताने ते देता येतं. देता-घेताना सगळे खूश असतात. वाद होतो तो कार्ड घेऊन कोणी पैसे मागायला आलं की. पार्लरवाल्या ताई म्हणतात, ‘एकदा घेतलेले पैसे परत होत नाहीत.’ गिऱ्हाईक म्हणतं, ‘ग्राहक कायदा आहे, सात दिवसांत द्यावेच लागतात.’ दोघींचंही चुकतं, कारण व्हाउचरचे पैसे हे न केलेल्या कामाचे आगाऊ घेतलेले पैसे असतात, हे दोघीही विसरतात.

गैरसमज: मन बदललं तरी सात दिवसांत पैसे परत मागण्याचा हक्क आहे.

असा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. ऑनलाइन दुकानं सात-दहा दिवसांत माल परत घेतात, ते त्यांचं स्वतःचं धोरण असतं. इंटरनेटवर वाचलेला चौदा दिवसांचा नियम युरोपातला. आपल्याकडे लागू आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019. तो जुलै 2020 पासून अंमलात आला. सदोष माल परत न घेणं, त्रुटीची सेवा मागे न घेणं आणि त्याचे पैसे बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत, परत न करणं ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सेवेत खोट हवी, ही इथली अट. ‘मला आता फेशियल नको वाटतंय’ ही पार्लरची खोट नव्हे. अशा वेळी ताईंनी पैसे दिले तर तो त्यांचा चांगुलपणा.

गैरसमज: कार्डावर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ छापलं की पार्लर सुटलं.

हा गैरसमज जास्त महागात पडतो. ती ओळ मन बदललेल्या गिऱ्हाइकापुढे चालेल. जे काम पार्लरने केलंच नाही, त्यापुढे चालत नाही. समजा, कार्ड हेअर कलरचं आहे. कलर लावण्याआधी कानामागे थोडा लावून 48 तास पाहायचं, ही पॅच टेस्ट. त्यात खाज सुटली, चट्टा उठला, तर कलर न लावणंच योग्य, आणि नाही म्हणणाऱ्या ताईंचं कौतुकच करायला हवं. पण मग कलरचे पैसे कशाचे ठेवायचे? दुसरी सेवा गिऱ्हाइकाला पटली तर ती द्यावी, नाही पटली तर रक्कम परत करावी. वेळ देऊनही पार्लर बंद असणं, कार्डावर लिहिलेली सेवाच आता मिळत नसणं, हेही याच खात्यात जमा.

2020 चा उन्हाळा आठवा. टाळेबंदीत मार्चअखेरीपासून बंद झालेली सलून-पार्लरं महाराष्ट्रात 28 जूनला उघडली, तीही केस कापणं, केस रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यापुरतीच. त्वचेच्या उपचारांना परवानगी नव्हती. म्हणजे दार उघडं असूनही फेशियलचं कार्ड निरुपयोगी. अशा वेळी मुदत वाढवून देणं हा सरळ मार्ग. करार पार पाडणंच अशक्य झालं तर घेतलेला लाभ परत करावा, हे तत्त्व 1872 च्या करार कायद्यापासून आपल्याकडे आहे. पार्लर कायमचं बंद झालं तरी हेच लागू. घरगुती पार्लरमध्ये दुकान आणि मालकीण कायद्याच्या दृष्टीने एकच, त्यामुळे पाटी उतरवली म्हणून देणं फिटत नाही.

नवरीच्या मेकअपचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मी पार्लरवाल्यांच्या बाजूचा आहे. लग्नसराईत एका तारखेला एकच नवरी घेता येते. ती तारीख राखून ठेवताना दुसरी नवरी परत पाठवलेली असते. आदल्या दिवशी ‘आमचं मलकापूरला ठरलं’ असा फोन आला तर सगळे पैसे परत मागणं अन्यायाचं. कपातीचा आकडा आधी लिहिलेला असावा आणि तो वाजवी असावा. करारात दंड लिहिला असला तरी मिळते ती त्या आकड्याच्या आतली वाजवी भरपाईच, असं करार कायद्याचं कलम 74 सांगतं.

गैरसमज: कार्ड ज्याच्या हातात, पैसे त्याचे.

वहिनीने यूपीआयने पैसे भरले, कार्ड नणंदेला दिलं. नणंद पार्लरमध्ये येऊन म्हणते, ‘मला रोखच द्या.’ द्यावेत का? तक्रार करायला नणंदही पात्र आहे, कारण पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्ती कायद्याने ग्राहकच असते. रक्कम मात्र जिथून आली तिथेच परत पाठवणं शहाणपणाचं: यूपीआयने आली तर त्याच खात्यात, रोख आली तर पावतीवरच्या नावाला, सही घेऊन. असं केलं की घरातली भांडणं पार्लरच्या दारात येत नाहीत आणि ‘दुसऱ्याच नंबरवर पाठवा’ म्हणणाऱ्या भामट्यालाही वाव राहत नाही.

अर्धवट वापरलेल्या कार्डाचा हिशेब हा सगळ्यात किचकट भाग. 2000 रुपयांत 2500 च्या सेवा, अशी दिवाळीची योजना. त्यातलं 1000 चं फेशियल झालं, पुढचं काम पार्लरला जमेना. काही जणी म्हणतात, 2000 मधून 1000 गेले, उरले 1000. पण गिऱ्हाइकाला रुपयाची सेवा 80 पैशांत मिळणार होती. त्या भावाने फेशियल 800 ला पडलं, परत जायला हवेत 1200. काम पार्लरकडून अडलं असेल तर मला हाच हिशेब न्याय्य वाटतो. गिऱ्हाईक स्वतःहून सोडून जात असेल तर मूळ दराने कापायलाही हरकत नाही. कायद्यात यासाठी ठरलेलं सूत्र नाही, म्हणूनच ते आधी लिहून ठेवायचं.

गैरसमज: रिझर्व्ह बँकेच्या नियमाने व्हाउचर वर्षभर चालतंच.

तो नियम बँका आणि वॉलेट कंपन्यांच्या प्रीपेड कार्डांसाठी. एका दुकानाने फक्त स्वतःकडेच वापरायला दिलेलं कार्ड त्यात येत नाही. पार्लर तीन महिन्यांची मुदत ठेवू शकतं, पण ती विकतानाच कार्डावर दिसायला हवी. कोऱ्या कार्डावर नंतर तोंडी मुदत लादता येत नाही.

‘जीएसटी भरला, आता पैसे परत कसे देऊ?’ हे कारण तर सोडूनच द्या. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नसताना जीएसटी घेताही येत नाही. नोंदणी असलेल्यांना आगाऊ रक्कम परत करताना रिफंड व्हाउचर काढण्याची सोय जीएसटी कायद्यातच आहे. सौंदर्यसेवांवरचा दरही 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे.

गैरसमज: हजार रुपयांसाठी कोण कोर्टात जातं?

मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला गेलं की जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. मात्र आकडे फुगवून मागू नयेत. दिल्लीच्या एका बड्या हॉटेलातल्या सलूनमध्ये केस चुकीचे कापल्याबद्दल राष्ट्रीय आयोगाने 2021 मध्ये दोन कोटींची भरपाई दिली होती. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द केली आणि नुकसानीचा पुरावा तपासून पुन्हा ठरवा, असं सांगितलं. पुरावा म्हणजे आपल्या बाबतीत कार्ड, पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट.

पार्लरवाल्या ताईंना एक विनंती. पुढची कार्डं छापायला टाकाल तेव्हा मागच्या कोऱ्या बाजूवर एवढं घाला: शेवटची तारीख, काम आमच्याकडून न झाल्यास 30 दिवसांत पैसे परत, तारीख रद्द केल्यास किती कपात, आणि रक्कम भरणाऱ्यालाच परत मिळेल. कार्डावर क्रमांक टाका आणि तोच वहीत लिहा. आणि कार्ड विकत घेणाऱ्यांनो, पावती मागा. मागितल्यावर ती न देणारं पार्लर दुसऱ्यासाठी भेट म्हणून निवडू नका.