‘अप’, ‘ऑफ’ आणि तर्खडकर
मुंबईतल्या मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. आधी नियम आणि शब्दार्थ, मग मराठीतून इंग्रजीत नि इंग्रजीतून मराठीत वाक्यं. व्याकरण त्याने पक्कं होतं. गाडी अडते ती ‘पुट ऑफ’, ‘गिव्ह अप’ अशा जोडक्रियापदांशी. ‘पुट’ आणि ‘ऑफ’ सुटे सुटे पाठ असले तरी ‘पुढे ढकलणे’ हा अर्थ काही हाती लागत नाही.

खरं तर ही चाल आपल्याला अगदीच परकी नाही. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांतला फरक लालबागचं शेंबडं पोरही जाणतं. ‘ईट’ आणि ‘ईट अप’मधला फरक जवळपास तोच: ताटात काही उरता कामा नये.

भानगड आहे ती जागेची. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं, पण पंख्याऐवजी ‘इट’ आलं की त्याला मध्येच बसवावं लागतं: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ म्हटलं की चुकलं. म्हणून नुसत्या याद्या घोकण्यापेक्षा अख्खं वाक्यच वहीत उतरवलेलं बरं.

शिवाय इथलं इंग्रजी तिकडे जसंच्या तसं खपत नाही. ‘रुइया कॉलेजातून पास आउट झालो’ असं दादरला सांगितलंत तर लोक पेढे मागतील. लंडनमध्ये शुद्ध कशी हरपली, म्हणून चौकशी करतील.