व्यसनमुक्तीच्या सभेत देव कुठून आला?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ‘एए’च्या पहिल्या सभेहून परतलेला माणूस बऱ्याचदा घरी सांगतो, ‘तिथं सारखं देवाचंच चाललेलं असतं.’ कुणाला त्यानं धीर येतो. कुणी मात्र तेवढ्यावरून पुन्हा फिरकत नाही, आणि ते फार महागात पडतं. म्हणून हा देव तिथं कसा आला आणि तो मानावाच लागतो का, हे नीट समजून घेऊ.

सुरुवात

नोव्हेंबर १९३४. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाव कमावलेला बिल विल्सन दारूपायी पुरता धुळीला मिळाला होता. पिण्यातला जुना दोस्त एबी थॅचर घरी आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिलनं त्याच्यापुढे ग्लास सरकवला, तर एबीनं तो घेतलाच नाही. तो ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीत जाऊ लागला होता. बिलला धर्माचं वावडं. तेव्हा एबीनं सुचवलं, तुला पटेल तसा देव तू मान. पुढच्याच महिन्यात रुग्णालयात बिलला एक उत्कट आध्यात्मिक अनुभव आला आणि त्याची दारू कायमची सुटली.

मला यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९३५ च्या मे महिन्यात बिल कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेला. काम फसलं, पिण्याची ओढ अनावर झाली. आपल्यासारख्याच एखाद्या पिणाऱ्याशी बोललं तर आपण तरू, असं त्याला वाटलं आणि त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. हे डॉक्टर दोनेक वर्षं त्याच ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये जात होते, प्रार्थना करत होते आणि पीतही होते. श्रद्धा होती, पण तेवढ्यानं दारू सुटली नव्हती. स्वतः त्यातून गेलेला माणूस समोर बसून बोलला, तेव्हा काहीतरी हललं. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस एएचा स्थापना दिन मानला जातो.

बारा पायऱ्यांतली तडजोड

१९३९ मध्ये एएचं पुस्तक निघालं. त्यात दारूतून बाहेर पडण्याच्या बारा पायऱ्या दिल्या आहेत. त्यांपैकी सहांत देव किंवा आपल्याहून मोठी शक्ती येते, दारू मात्र फक्त पहिल्या पायरीत. पण सुरुवातीच्या सभासदांत नास्तिकही होते आणि मसुद्यावरून त्यांनी चांगलाच वाद घातला. म्हणून देवाच्या उल्लेखाला ‘ज्याला जसा उमजेल तसा’ अशी पुस्ती जोडली गेली आणि गुडघे टेकून याचना करण्याचे शब्द गाळले गेले. सभासद होण्यासाठी अट एकच राहिली: दारू सोडण्याची इच्छा. म्हणूनच कुणी विठ्ठलाला ती मोठी शक्ती मानतो, कुणी निसर्गाला, तर कुणी समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या त्या गटालाच.

गुण कशानं येतो?

२०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती होती. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि त्याकडे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांइतके किंवा त्यांहून सरस ठरले. त्यामागची कारणं शोधणाऱ्या संशोधनात पिणारं मित्रमंडळ बदलणं आणि स्वतःवरचा विश्वास वाढणं या गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. अध्यात्माचा वाटा होता, पण मुख्यतः व्यसन फार खोलवर गेलेल्यांच्या बाबतीत.

सक्ती नको

अमेरिकेत कैद्यांना अशा सभांची सक्ती होऊ लागली, तेव्हा प्रकरणं कोर्टात गेली. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयानं ही सक्ती धर्मस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवली. देवाचा आधार न घेणारे ‘स्मार्ट रिकव्हरी’सारखे गटही निघाले. एएमध्येही नास्तिकांचे गट आहेत, मात्र टोरंटोत २०११ मध्ये असे गट अधिकृत यादीतून काढले गेले होते. माझ्या मते ते एएच्या मूळ अटीलाच सोडून होतं. २०१७ मध्ये ते गट यादीत परतले.

आपल्याकडे

भारतात एए १९५७ मध्ये आलं. महाराष्ट्राला मात्र त्याआधीपासूनच वारकऱ्यांची माळ ठाऊक होती. माळ घातली की दारू सुटली, हे गावोगाव पाहिलेलं आहे. त्या शपथेमागे वारीची सोबत आणि गावाचा धाक असतो. पण पाय घसरला तर माळकरी शरमेनं तोंड लपवतो. एएमध्ये शपथ नाही, फक्त आजचा दिवस न पिता काढायचा असतो. घसरलेल्याला पुन्हा खुर्ची मिळते. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत उपचारांच्या जोडीला अशी सोबतही मिळते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं दारू एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. तेव्हा आधी डॉक्टरांकडे जा. मग सभेला जा. फी नसते, आडनाव विचारत नाहीत. एका गटात देवाचं फार झालं असं वाटलं, तर दुसऱ्या गटात जाऊन पाहा, पण घरी बसू नका.